डोंबिवलीच्या पुढचं

"राहायला कुठे?" या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं दोन हप्त्यांत देत आले आहे. आधी म्हणते, ठाकुर्ली. मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते. मध्य रेल्वेने जाणारायेणारा असेल तर तो नुसती मान हलवतो. पार्ल्याचा किंवा पुण्याचा असेल तर भुवया जरा वर जातात, आणि मग मी दुसरा हप्ता भरते, "डोंबिवलीच्या पुढचं." की लगेच, "अच्छा, डोंबिवली!" म्हणजे माझं स्टेशन एका श्वासात पुसून टाकलं. लग्न होऊन १९९६ मध्ये इथे आले तेव्हा मी चिडायचे. आता गॅसवाल्याला सोडून कुणालाच दुरुस्त करत नाही.

मुंबईहून निघालेली फास्ट लोकल ठाणं, दिवा, डोंबिवली करत येते आणि ठाकुर्लीला न थांबता कल्याणला जाते. आमच्याकडे थांबते ती फक्त स्लो. फास्टच्या लाइनी आमच्याच अंगणातून जातात, तिकडून मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या तर रात्रभर जातात. आम्ही फलाटावर उभे राहून हे सगळं बघायचं. नवीन आलेल्या माणसाला सुरुवातीला हे फार लागतं. मलाही लागलं होतं. सकाळच्या वेळी कल्याणहून भरून आलेल्या स्लोमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि पलीकडून पाऊण तासात दादर गाठणारी फास्ट धुरळा उडवत निघून जाते. त्यातूनच इथल्या माणसांनी उलटं जायची रीत काढली. पास कल्याणपासूनचा काढायचा, आधी डाऊन गाडीने कल्याणला जायचं आणि तिथून बसून मुंबईकडे यायचं. एका स्टेशनासाठी उलटं जाणं वेडेपणाचं वाटतं, पण दीड तास उभं राहून बघा, मग बोलू.

फास्ट थांबत नाही हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. बरीच वर्षं ती आमच्याकडे थांबायची, फक्त फलाटाला लागायची नाही. कारण फाटक.

ठाकुर्लीचं रेल्वे फाटक ही एके काळी मध्य रेल्वेवरची नामांकित गोष्ट होती, म्हणजे बदनाम. फाटक सिग्नलला बांधलेलं असतं. रस्ता उघडा आहे तोवर सिग्नल लाल, आणि फाटक पूर्ण खाली येऊन कुलूप लागलं की मगच गाडीला वाट. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात फाटक खाली यायला लागलं की एक रिक्षा घुसणार, तिच्या मागे स्कूटर, स्कूटरच्या मागे सिलिंडरची हातगाडी, आणि अर्ध्यावर आलेला दांडा तिथेच लटकत राहणार. तोवर तिकडे डोंबिवलीपासून गाड्यांची रांग. माझ्या डब्यात बायका घड्याळ बघत म्हणायच्या, "ठाकुर्लीचं फाटक असणार. कोण मेले राहतात तिथे देव जाणे!" मी खिडकीबाहेर बघायचे. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. ज्यांना आमच्याकडे थांबायचं नव्हतं त्या सगळ्यांना एक रिक्षावाला थांबवून दाखवत होता. पुढे उड्डाणपूल झाला आणि फाटक कायमचं बंद झालं. सोय झाली, यात शंका नाही. म्हाताऱ्या माणसांना आता जिना चढावा लागतो, हेही त्याच सोयीत आलं.

पण मला सांगायचंय ते चोळ्याबद्दल.

चोळे हे इथलं मूळ गाव, ठाकुर्ली पूर्वेला. आगरी वस्ती, मारुतीचं देऊळ, तळं. गणपती विसर्जनाला त्या तळ्यावर अजून सगळी ठाकुर्ली लोटते. या गावाचं नाव रेल्वेच्या लोकांच्या तोंडी मात्र निराळ्याच अर्थाने होतं. 'चोळ्याला आहे' याचा अर्थ गावात राहतो असा नव्हता, पॉवर हाऊसमध्ये नोकरीला आहे असा होता. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चोळ्याला होते.

गाड्या विजेवर चालतात एवढं सगळ्यांना माहीत असतं. ती वीज कुठून येते हे लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारलं तर तो वरच्या तारेकडे बोट दाखवील. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गे देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्याला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा बरेच लेख आले, जुने फोटो आले. मी त्यात चोळे शोधत होते. एखाद्या ओळीत भेटलं, बहुतेक ठिकाणी तेही नाही.

आधीची वीज टाटांची. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचा आणि कोकणात पाडायचा. भिऱ्यासाठीचं पाणी मुळशीचं, आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह उभा केला होता, ज्याने बापटांना 'सेनापती' केलं. मुंबईच्या दिव्यांखाली आणि गाड्यांखाली कुणाची भातखाचरं गेली ते आपण सहसा विचारत नाही. मीही अण्णांनी सांगितल्यावर शोधलं.

पण रेल्वेला नुसत्या लोकल चालवायच्या नव्हत्या, घाट चढायचे होते. कल्याणहून लाइन फुटते. एक फाटा कर्जतवरून बोरघाटाने पुण्याकडे, दुसरा कसाऱ्यावरून थळघाटाने इगतपुरीकडे. दोन्ही घाटांत चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोरघाट १८६३ पासून वाफेच्या इंजिनांनी चढत होता. मधे उलटं स्टेशन होतं, तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी पाठमोरी होऊन पुढचा चढ चढायची. बोगद्यात धूर कोंडायचा तो वेगळाच. विजेचं इंजिन आणि १९२९ मधला नवा मार्ग यांनी ते उलटं स्टेशन संपवलं. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. तिच्या ऑम्लेटबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे तो विषय इथेच सोडते.

या सगळ्यासाठी वीज लागणार होती, आणि ती पावसाच्या भरवशावर ठेवून चालणार नव्हतं. म्हणून रेल्वेने स्वतःचं कोळशावरचं वीजघर बांधलं, ते चोळ्याचं, १९२९ च्या सुमारास. जागा इथलीच का, हे नकाशा उघडला की समजतं. दोन घाटांचे फाटे जिथे फुटतात ते कल्याण शेजारी, कोळशाच्या वाघिणी आणायला रूळ दाराशी, आणि पलीकडे उल्हास नदीची खाडी. टर्बाइन फिरवून झालेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला थंड पाण्याचा अखंड पुरवठा लागतो. स्टेशनाभोवतीची बरीचशी वस्ती मग या कारखान्याच्या पोटातून आली. पश्चिमेकडच्या रेल्वेच्या चाळी, साहेबांचे बंगले, मैदान. बावन्न चाळ आणि बारा बंगला ही नावं अजून रिक्षावाल्याला सांगितली की तो काही न विचारता मीटर टाकतो. अर्थात मीटर टाकतो हे बोलायची पद्धत म्हणून.

अण्णा तिथे १९६१ मध्ये बॉयलरच्या बाजूला लागले. कोळशाशीच संबंध. सासूबाई सांगायच्या की वारा चाळींकडे फिरला की दोरीवरचे कपडे आधी काढायचे, मग पोरांना हाक मारायची. पांढरा शर्ट त्या घरात कुणी घेतलाच नाही. अण्णांच्या बोलण्यात मात्र राख, धूर, घाम यांतलं काही यायचं नाही. त्यांना आवडायचं ते भाराबद्दल, म्हणजे कुठल्या वेळी गाड्या किती वीज ओढतात त्याबद्दल बोलायला.

"आठच्या आत स्टीम चढवून ठेवायची," ते सांगायचे. "माणसं तिकडे गाडीत चढली की इकडे आमचा वाफेचा काटा खाली यायला बघायचा. तेव्हा कोळसा टाकून उपयोग काय? चूल आधी पेटलेली पाहिजे, पाहुणा दारात आल्यावर नाही." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, शहराचा श्वास त्यांना काट्यावर दिसायचा. रविवारी सकाळी शांतता. गणपतीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत भाराचा काटा खाली बसायचाच नाही. आणि सगळ्यांत नाट्यमय गोष्ट म्हणजे मुसळधार पाऊस. गाड्या जागच्या जागी ठप्प झाल्या की भार एकदम पडायचा. बॉयलरमधली वाफ कुठे जाणार? सेफ्टी व्हॉल्व्ह उचलले जायचे आणि जो आवाज व्हायचा तो पार चाळींत ऐकू यायचा. "पाणी भरलं, गाड्या बंद, हे रेडिओवर सांगायच्या आधी तुझ्या सासूला कळायचं. ती लगेच भात जास्त टाकायची, कुणी ना कुणी अडकून येणारच म्हणून."

मी जन्मभर लोकलने गेले, पण माझ्या गाडीत चढण्याने कुठेतरी एक काटा हलतो असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्यांदा हे ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दीत स्वतःला आत ढकलताना मला उगाच हसू आलं होतं.

घाटाचं आणखी एक त्यांनी सांगितलं होतं, ते मी पुढे लेकीला विज्ञानाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री सांगितलं. खंडाळ्याहून खाली उतरणारी गाडी ब्रेक लावताना मोटर उलटी वापरते. मोटर वीज खाण्याऐवजी वीज करायला लागते आणि ती तारेत परत सोडते. मग त्याच वेळी कर्जतहून वर चढणाऱ्या गाडीला तेवढा आधार मिळतो. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यायचा. पहिली मालगाडीची इंजिनं, १९२८ ची, हे करायची. लांब, पुढेमागे नाक असलेली, चाकांना बाहेरून दांडे लावलेली ती इंजिनं. रेल्वेतली माणसं त्यांना 'खेकडा' म्हणत. उभी असताना विव्हळल्यासारखा आवाज करायची आणि चालताना दोन्ही बाजूंना डुलायची. परदेशी बनावटीच्या इतक्या भारदस्त यंत्राला खेकडा म्हणायला कोकण किनाऱ्याजवळचाच माणूस लागतो.

१९७४ च्या मे महिन्यातला संप अण्णांनी केला होता. देशभरातले लाखो रेल्वे कामगार वीस दिवस संपावर होते. त्याबद्दल ते बोलायचे नाहीत. क्वार्टर रिकामं करावं लागेल या भीतीने ट्रंका बांधून ठेवल्या होत्या एवढं सासूबाईंनी एकदा सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, आणि अण्णा आत आल्यावर विषय बदलला.

ऐंशीच्या दशकात पॉवर हाऊस बंद झालं. यंत्रं म्हातारी झाली होती, बाहेरून वीज घेणं सोपं होतं. असल्या गोष्टींना खलनायक नसतो. माणसं इकडे तिकडे सामावून घेतली गेली, अण्णा कल्याणच्या लोको शेडला गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी आले तेव्हा वीजघर बंद पडून बरीच वर्षं लोटली होती. मला त्यांनी ते दाखवलं ते स्टेशनच्या पुलावरून, लांबून, बोटाने. "त्या तिथे." मला झाडी दिसली. मी "हो का" म्हणाले. नव्या सुनेने आणखी काय म्हणायचं?

त्यांच्याकडे तिथली एकच वस्तू उरली होती, बिल्ला. पितळी, गोल, रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठा, वरच्या बाजूला भोक. 'सी. आर.', म्हणजे सेंट्रल रेल्वे, अशी दोन अक्षरं आणि खाली चार आकडे ठोकलेले. शिफ्टला आत जाताना टाइम ऑफिसच्या खिडकीतून हा घ्यायचा, सुटताना तिथल्या खिळ्यावर परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. आकड्यांच्या कडा अंगठ्याने झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, मधला सात तर एक या आकड्यासारखा वाटायचा. तो परत करायचा असणार, त्यांनी केला नाही. पुढे घराच्या किल्ल्या त्यात अडकवल्या गेल्या आणि तो आमच्या खिळ्यावर आला.

कल्याणच्या अलीकडचा, रुळांवरून रस्ता नेणारा पत्री पूल १९१४ चा. तो धोकादायक ठरवून नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. मधली दोन वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावर काय हाल झाले ते इथल्या माणसांनाच ठाऊक. विनोदांचा तर पूर आला होता. पण अण्णा ते बघायला नव्हते. त्यांनी पाहिलेला शेवटचा मोठा बदल विजेचा.

जुनी व्यवस्था दीड हजार व्होल्ट डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची. अण्णांच्या भाषेत, कमी दाबाचं पाणी जाड पाइपातून न्यायचं. दर थोड्या अंतरावर सबस्टेशन पाहिजे, तारा जाड पाहिजेत, तरी वाटेत गळती. नवी व्यवस्था पंचवीस हजार व्होल्ट एसीची, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची, दाब जबरदस्त, पाइप बारीक. पश्चिम रेल्वेचं हे बदलणं २०१२ मध्ये पुरं झालं, आमच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. ज्या मार्गावर १९२५ ला सुरुवात झाली तिथेच शेवट.

आपल्याला प्रवासी म्हणून कळलं ते आवाजातून. जुन्या गाड्या स्टेशनात उभ्या राहिल्या की खालून कॉम्प्रेसर ढगढगढगढग सुरू व्हायचा, पायांच्या तळव्यांना कळायचा, मग एकदम बंद. ती शांतता इतकी अचानक असायची की डब्यातल्या गप्पा उघड्या पडायच्या. कुणाच्या तरी सासूचं वाक्य अख्ख्या डब्याला ऐकू जायचं. नव्या गाड्या सुटतानाच वेगळा सूर लावतात. अण्णांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "चल, बघून येऊ." पंचाहत्तरीचे होते. पुलावर गेलो. एक स्लो आली, गेली. एक फास्ट गेली. ते तारेकडे बघत राहिले, नंतर मला विचारलं, "ताकाला दही आहे का घरी?" मी नाही म्हटलं. येताना दही घेऊन आलो.

२०१७ मध्ये ते गेले. तेराव्याला एक गृहस्थ आले, ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. चोळ्याचे. निवृत्तीनंतर कर्जतकडे गावी राहायला गेलेले. कर्जतहून आलेल्या फास्टने कल्याणला उतरले, तिथून स्लो पकडून एक स्टेशन पुढे आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "तुमच्याकडे अजून फास्ट थांबत नाही का हो?" रडकं झालेलं घर पहिल्यांदा हसलं.

जेवण झाल्यावर त्यांनी खिळ्यावरचा बिल्ला बघितला. किल्ल्यांसकट उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला. "हा माझ्या आधीचा," म्हणाले, "माझा याच्यापुढे बेचाळीस नंबरांनी. मी परत केला. मूर्खपणा केला." मी घेऊन जा म्हटलं. ते नाही म्हणाले, किल्ल्या हरवतील तुमच्या.

रिक्षाने सोडू म्हटलं तर ऐकेनात. मी स्टेशनपर्यंत बरोबर गेले. पुलावर मधोमध ते थांबले. मला वाटलं दम लागला. पण ते खाडीच्या बाजूला बघत होते, अण्णांचं बोट असायचं त्याच दिशेला. मी काही बोलले नाही. तेवढ्यात खालून फास्ट आली. पूल थरथरला, त्यांनी कठडा धरला आणि गाडी संपेपर्यंत ओठ हलवत राहिले.

"बारा?" त्यांनी विचारलं.

"पंधरा," मी म्हणाले. "आता पंधरा डब्यांच्याही असतात."

"पंधरा," ते म्हणाले, आणि जिन्याकडे वळता वळता, "सकाळी किती वाजता असते ही?"